बाळंतविड्यात आलेलं काय वापरलं, काय पडून राहिलं: नऊ महिन्यांनंतर

माझी लेक जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, सिझर करून. आता ती नऊ महिन्यांची आहे. बाराव्या दिवशी फोंड्याच्या घरी बारसं झालं आणि तेव्हापासून गणेश चवथीपर्यंत माणसं येत राहिली, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. कपाटाचे दोन कप्पे, पलंगाखालची पेटी आणि माळ्यावरचा एक खोका भरला. पेडण्याला माझ्या मावसबहिणीला जूनची तारीख दिलीय. तिला काय न्यायचं हे ठरवायला परवा ते सगळं बाहेर काढून बसले, आणि कोणती वस्तू किती वापरली गेली ते एकेक करून आठवत गेलं. ज्यांना लवकरच कुणाच्या बारशाला जायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत घरात तान्हं बाळ असलं की सगळा संसार कोरड्या कापडाभोवती फिरतो. माझी लेक दिवसरात्र मिळून दहा-बारा लंगोट सहज ओले करायची, शिवाय अंगावरचं दूध उलटलं की झबलं आणि दुपटंही बदलावं लागायचं. बाहेर चार-चार दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, कपाट उघडलं की कुबट वास.

आई मयेहून येताना एक बोचकं घेऊन आली होती. त्यात आजीच्या जुन्या सुती नऊवारी साड्या फाडून, कडा दुमडून शिवलेले ४० लंगोट आणि १२ दुपटी. मला मिळालेल्या सगळ्या वस्तूंत हे बोचकं पहिल्या नंबरवर ठेवते. कापड इतकं विरलेलं आणि मऊ की शिवण अंगाला टोचत नाही, आणि पातळ असल्यामुळे पंख्याखाली एका रात्रीत वाळतं. आई प्रत्येक दुपटं घडी करायच्या आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. हाताला कोरडं वाटलेलं कापड गालाला गार लागलं की म्हणायची, "अजून ओल आहे, पुन्हा घाल." मीही तेच शिकले. आजही लेकीचे वाळत घातलेले कपडे काढताना माझा हात आपोआप गालाकडे जातो.

त्याच्या शेजारी ठेवून बघा: टोपीवाले जाड टॉवेल चार आले होते, गुलाबी, कानांचे. दिसायला फार गोड. ऑगस्टमध्ये एक धुतला तो तिसऱ्या दिवशीही दमट होता आणि चौथ्या दिवशी वास मारायला लागला. ते चारही टॉवेल डिसेंबरपर्यंत कपाटातच राहिले. पावसाळ्यात बाळ होणार असेल तर मलमलची एकेरी दुपटी द्या, मोठी, हातभर लांब-रुंद नव्हे तर चांगली मीटरभर. पुसायला, पांघरायला, पाजताना खांद्यावर टाकायला, सगळ्याला तीच लागतात.

दुसरा नंबर वाळत घालायच्या स्टँडचा. माझ्या नवऱ्याच्या आत्याने आणला. दारातून आत येताना तिचाच चेहरा उतरला होता. "बारशाला हे काय न्यायचं, असं वाटलं गो," म्हणाली. आत्या, तुम्ही आणलेलं ते स्टँड नऊ महिन्यांत एक दिवसही रिकामं राहिलं नाही. तीन मजली, घडी होणारं, आणि महत्त्वाचं म्हणजे स्टेनलेस स्टीलचं. आमच्याकडे आधीपासून रंग दिलेलं लोखंडी एक होतं, त्याचा रंग सांध्यांजवळ उडालेला, आणि तिथे ओला लंगोट पडला की गंजाचा तपकिरी डाग उठायचा तो काही केल्या जायचा नाही. आपल्या हवेत लोखंड टिकत नाही हे भेट घेतानाही लक्षात ठेवायला हवं.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. लेकीला २३ नवे जोड आले. त्यातले १९ तीन महिन्यांच्या आतल्या मापाचे. ती जन्मली तेव्हा ३.२ किलोची होती. अडीच महिन्यांत त्यातले बहुतेक जोड पोटावर ताणायला लागले, आणि सहा-सात तर एकदाही न घालता लहान झाले. जाळीचा फ्रॉक, जरीचा परकर, मागे बटणांची रांग असलेले झगे, हे सगळं मान धरता न येणाऱ्या बाळाला घालायचं तरी कसं? पुढून बंद बांधायची झबली सोडली तर पहिल्या दोन महिन्यांत मी दुसरं काही वापरलं नाही. लोकरीचे तीन स्वेटर आले. आपल्याकडे जानेवारीची पहाटही सुती बाह्या आणि टोपड्यावर निभते.

तेव्हा कपडेच द्यायचे असतील तर सहा ते बारा महिन्यांचं माप घ्या आणि बोटांवर महिने मोजा. जुलैच्या बाळाला नऊ महिन्यांचं माप एप्रिलमध्ये लागणार, म्हणजे बिनबाह्यांचं, पातळ सुती. माझ्या मामीने नेमकं असंच केलं होतं. तिने दिलेले चार सुती झगे आज रोज वापरात आहेत, आणि ते घालताना दर वेळी मामीची आठवण येते. लंगोटांच्या तयार पॅकचंही तेच. एकाने नवजात मापाचा भला मोठा पॅक आणला, अर्धा संपायच्या आत बाळ पुढच्या मापात गेलं. दुसरा न फोडलेला पॅक बदलून घ्यायला गेलो तर बिल नाही म्हणून दुकानदाराने नकार दिला. आहेराच्या पिशवीत बिल ठेवायला आपल्याला संकोच वाटतो, पण कृपा करून ठेवत जा.

आता बाळंतिणीबद्दल. मला साड्या सहा आल्या. सगळ्या प्रेमाने आणलेल्या, पण पोटावर टाके असताना निऱ्या खोचणं शक्यच नव्हतं, आणि पदर सावरत दर दोन तासांनी पाजणं त्याहून कठीण. माझ्या वहिनीने पुढून चेन असलेले तीन सुती गाऊन दिले, गडद रंगाचे, खिसे असलेले. पहिले दोन महिने मी त्या तिघांवर काढले. तिनेच एक पिशवी बाजूला नेऊन हातात दिली होती: मोठ्या आकाराचे सॅनिटरी पॅड आणि कमरेवर उंच येणाऱ्या सैल सुती अंडरवेअर, टाक्यांना न घासणाऱ्या. बाळंतपणानंतर अंगावरून जाणं कित्येक आठवडे चालू राहतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनीला दोन मुलं आहेत, म्हणून तिला ते सुचलं. ही वस्तू चारचौघांत उघडता येत नाही, पण जवळच्या बाईने द्यायलाच हवी.

स्टीलचा एक लिटरचा थर्मास हीही तिचीच आठवण. पाजायला बसलं की घसा इतका कोरडा पडायचा, आणि रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात जायची ताकद नसायची.

खाण्याच्या बाबतीत आपली माणसं हात आखडता घेत नाहीत. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू एकाच आठवड्यात तीन घरांतून आले, मिळून पाच-सहा किलो. त्या दमट हवेत दहा दिवसांत एका डब्याला बुरशी आली आणि ते खारीक-खोबरं, ते तूप टाकून द्यावं लागलं. माझ्या सासूबाईंना फार वाईट वाटलं. लाडू जरूर द्या, पण अर्धा किलो द्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा अर्धा किलो द्या. कवळ्याच्या माझ्या मावससासूबाई दर बुधवारी दुपारी डबा पाठवायच्या: उकड्या तांदळाची पेज, मुगागाठी म्हणजे मोड आलेल्या मुगांची आमटी, कधी लाल माठाची भाजी. घरातल्या बाकीच्यांपुरतंही त्यात असायचं. ज्या घरात बाळंतीण आहे त्या घरात स्वयंपाक करणारीही थकलेली असते, हे त्यांनी ओळखलं होतं.

घुटीचा संच आणि सहाण माझ्या आजेसासूबाईंनी दिली. बाळाच्या डॉक्टरांनी पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आजींना हे सांगणं मला जड गेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग माझ्या आठवणीला ठेव." मी जपून ठेवली आहे.

दुधाच्या बाटल्यांचा सेट एका भेटीच्या खोक्यात आला होता, तो उघडलाच नाही. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाटल्या आणि बाळाच्या डब्यातल्या दुधाची जाहिरात करायलासुद्धा बंदी आहे, इतका तो विषय नाजूक. आईला गरज पडली तर ती डॉक्टरांना विचारून आणील. त्याच खोक्यात अंगाला लावायची पावडर होती. तिचा बारीक धुरळा बाळाच्या श्वासात जातो म्हणून डॉक्टरांनी तीही नको म्हटलं. वॉकरही एक आला. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे, कारण चाकांवरचं बाळ क्षणात पायऱ्यांवरून खाली जातं. आमच्या घराला पुढच्या दारी पाच पायऱ्या आहेत. तो वॉकर मी दुसऱ्या कुणाला दिलाही नाही.

चांदीचे वाळे बारशाला घातले, फोटो काढले. पाचव्या महिन्यात पाय तोंडात घालायला लागली तेव्हा एक घुंगरू सैल झालेलं दिसलं, त्या दिवशी काढून ठेवले. ढकलायची बाबागाडी फारच कमी वापरली. आमच्या रस्त्याला चढ आहे आणि कडेला चालायला जागा नाही.

मच्छरदाणी मात्र दोन प्रकारची आली आणि दोन्ही उपयोगी पडल्या. छत्रीसारखी उघडणारी छोटी पहिल्या चार महिन्यांत, बाळ पालथं पडायला लागेपर्यंत. मग पलंगावर मावणारी चेनची मोठी, जिच्यात मीही तिच्याबरोबर बसू शकते. पावसाळ्यात इथे डेंग्यूची धास्ती असते आणि तान्ह्या बाळाला मलम चोपडता येत नाही. त्यामुळे ही भेट कुणी दिली तरी वाया जायची नाही.

ऑफिसातल्या सात जणींनी पैसे काढून दूध काढायचा विजेवरचा पंप दिला. देण्याआधी त्यांनी मला फोन करून विचारलं, म्हणून तो मिळाला. २६ आठवड्यांची रजा संपून जानेवारीत पणजीला कामावर रुजू झाले तेव्हापासून तो रोज माझ्याबरोबर कदंबाच्या बसने ये-जा करतो. दोन गोष्टी सांगते. खोक्यात आलेला छातीवर बसायचा कप २४ मिलिमीटरचा होता, मला तो मोठा पडायचा, दुखायचं आणि दूधही कमी यायचं. २१ चा वेगळा मागवल्यावर त्रास थांबला. पंप देणार असाल तर ही शक्यता आईला सांगून ठेवा. दुसरं, काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास ठेवता येतं, पण आपल्याकडे मार्चमध्ये खोली त्याहून गरमच. मी काढल्या काढल्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवते आणि बर्फाच्या पिशवीतून घरी आणते. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. पंपाबरोबर एखादी बर्फाची पिशवी आणि साठवणीच्या डब्या दिल्या तर भेट पुरी होते.

थर्मामीटर आणि नखं कापायचा छोटा कटर कॉलेजातल्या मैत्रिणीने दिला. दीड महिन्याच्या लसीनंतर रात्री अंग तापलं, तेव्हा तो थर्मामीटर हाताशी होता.

पाकिटातल्या पैशांबद्दल काहींना कोरडेपणा वाटतो. मला आलेल्या पाकिटांतून मी त्या २१ च्या कपाचे पैसे दिले आणि दोन महिने मालिश करायला येणाऱ्या बाईंचेही.

आणि शेजारची आंटी. ती बारशाला रिकाम्या हाताने आली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, "बाये, तुका कितें जाय तें सांग गो," म्हणजे तुला काय हवं ते सांग. मी तोवर कुणालाच काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून निघालं, मला आंघोळीला वेळ मिळत नाही. त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत ती रोज सकाळी साडेनऊला यायची, बाळाला मांडीवर घेऊन पडवीत बसायची, आणि मी डोक्यावरून गरम पाणी घेऊन, केस पुसून, शांतपणे बाहेर यायचे. वीस मिनिटं.

मावसबहिणीला काल फोन केला आणि आंटीने मला विचारलं तसंच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, ती मोठी जाळी, मच्छरदाणीची, तुला अजून लागते का? नाहीतर लंगोटच आण, जुन्या साडीचे. आणि बारशाला नको येऊस, पुढच्या आठवड्यात ये, माणसं गेल्यावर." जाळी अजून लागते, तिला नवी घेईन. आजीच्या दोन साड्या शिल्लक आहेत. आईने फाडायला घेतल्यात.