वळवाने उडालेले पत्रे आणि घराच्या विम्याचा क्लेम: बुधगावचा माझा अनुभव

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. घर बुधगावला. खाली स्लॅबच्या तीन खोल्या, वर जीआय पत्र्याची एक मोठी खोली. बुधगावात कृष्णेच्या पुराचं पाणी येत नाही, त्यामुळे घराचा विमा हे पूरपट्ट्यातल्या लोकांचं काम, अशी आमच्याकडं समजूत आहे. माझीही होती. २०२१ साली गृहकर्ज घेताना बँकेनं 'भारत गृह रक्षा' पॉलिसी जोडली, दहा वर्षांचा हप्ता कर्जातच धरला, आणि मी ते कागद न वाचता फाइलला लावले. ते वाचायची वेळ यंदाच्या मे महिन्यात आली.

संध्याकाळी सौदे संपून पोती आत घ्यायची घाई चालली होती. आभाळ भरून आलं, धूळ उठली, आणि पहिला थेंब पडायच्या आत घरून फोन आला. "अहो, वरचं पत्रं गेलं, लवकर या." मी पोचेपर्यंत वळीव कोसळून थांबलाही होता. बारा पत्र्यांपैकी पाच पलीकडच्या उसात पडले होते, दोन पत्रे खालच्या आधाराच्या पाइपावरच दुमडले होते. पाइप एका टोकाला वर उचकटला होता आणि त्याच्याबरोबर भिंतीच्या वरच्या थराच्या विटाही निघाल्या होत्या. खोलीत घोट्याएवढं पाणी. टीव्ही भिजून बंद, गाद्या भिजून ओझं झालेल्या. घरातल्या कुणाला लागलं नाही, याबद्दल देवाचे उपकार.

शेजारचे लोक धावून आले आणि रात्रीत पत्रे परत ठोकू म्हणाले. तेव्हा मला २०१९ चा महापूर आठवला. पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या हरभट रोड, मारुती चौकाकडच्या ओळखीच्या दुकानदारांनी वास मारतो म्हणून भिजलेला माल दोन दिवसांत गाड्या भरून बाहेर टाकला, आणि नंतर विम्यासाठी नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेअरला दाखवायला काही उरलं नाही. म्हणून मी फक्त ताडपत्री बांधून घेतली, तीही सगळीकडून फोटो काढल्यावर. उसातले पत्रे उचलायच्या आधी पडल्या जागी फोटो, मग एकावर एक रचून मागच्या अंगणात. तुटलेले बोल्ट, वायसर, विटांचे तुकडे मुलीनं डब्यात गोळा केले. ताडपत्री घातली म्हणून पुढे कुणी हरकत घेतली नाही, उलट नुकसान वाढू न देणं हे विमा घेतलेल्याचंच काम असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. हा भाग खरोखर चांगला होता. बोलणाऱ्या मुलीनं शांतपणे सगळं लिहून घेतलं, दहा मिनिटांत क्लेम नंबरचा मेसेज आला. तलाठ्यांकडून पंचनाम्याची प्रतही घेतली. सरकारी मदतीसाठी पक्क्या घराची किमान पंधरा टक्के पडझड लागते, आमची तेवढी बसली नाही. पण वादळ झालं होतं याचा सरकारी कागद हातात आला आणि तो पुढे कामाला आला.

चौथ्या दिवशी सर्व्हेअर आले. सर्व्हेअर कंपनीचा नोकर नसतो, त्याला विमा नियामकाचा परवाना असतो, हे मला तेव्हाच कळलं. गृहस्थ सरळ होते. पण खालून बघूनच म्हणाले, "बोल्ट गंजलेत दिवाणजी, झीज झालेली दिसते. झीज पॉलिसीत येत नाही." मी म्हटलं, "साहेब, एवढं वर चढून बघा, मग लिहा."

शिडी लावली. ते चढले. मग मागच्या अंगणातला एक पत्रा उजेडात धरून मी त्यांना बोल्टचं भोक दाखवलं. गोल भोक ओढून बोटभर लांब झालं होतं आणि फाटलेली कड नव्या पातेल्यासारखी चकाकत होती. गंजून फाटलं असतं तर कड तांबडी, भुसभुशीत असती, नखानं सुटली असती. शिवाय दोन बोल्ट पाइपालाच घट्ट होते, वायसरखाली फाटलेल्या पत्र्याची चकती अडकून राहिली होती. म्हणजे बोल्टनं धरून ठेवलं होतं, वाऱ्यानं पत्रा फाडून नेला. सर्व्हेअरनी त्या चकतीचे जवळून तीन फोटो घेतले आणि झिजेचा विषय पुन्हा काढला नाही. तो पत्रा आणि ते बोल्ट जसेच्या तसे ठेवले नसते तर माझा क्लेम त्याच दिवशी संपला असता, असं मला आजही वाटतं.

पत्रेवाल्याकडून आणि गवंड्याकडून अंदाजपत्रकं घेऊन दिली. सात पत्रे १३,६५०, पाइप आणि वेल्डिंग ६,८००, मगरीचे (छपराच्या माथ्यावरचे) पत्रे, बोल्ट, वायसर ३,१५०, मजुरी ७,५००, भिंतीचा थर आणि प्लास्टर ५,४००. टीव्ही १५,२००, गाद्या ४,३००. एकूण ५६,०००. टीव्ही-गाद्यांसाठी मी वेगळा विमा घेतला नव्हता, पण या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण असतं. हे पॉलिसीतच छापलेलं आहे आणि मी चार वर्षं वाचलं नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी कंपनीचा मेल आला: ३४,५०० रुपये मंजूर, सोबतची 'पूर्ण व अंतिम' पावती सही करून पाठवा. हिशेब जोडलेला नाही. माझा सगळा जन्म पट्टी आणि पावती लिहिण्यात गेला. कुठल्या शेतकऱ्याला मी तोलाई, हमाली वेगळी न दाखवता नुसता आकडा दिला तर तो घेईल का? मी सही केली नाही. सर्व्हे अहवालाची प्रत मागितली. तीन मेल आणि पाच फोनांनंतर ती आली. या क्लेमच्या टेबलावरची माणसं बदलत राहतात, दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि उत्तर एकच असतं: "प्रोसेसमध्ये आहे, सर." या सगळ्या सेवेतला हा भाग मला सगळ्यात वाईट वाटला.

अहवाल वाचल्यावर कपात कळली. पत्रे, पाइप, मगरीवर निम्मा घसारा (जुनेपणाची वजावट), म्हणजे ११,८००. भिंत अजिबात धरलेली नाही, ५,४००. गाद्या नामंजूर. मग मी पॉलिसीचं पुस्तक दोन रात्री बसून वाचलं. विम्याची रक्कम ही घर आजच्या दरानं पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरवलेली आहे, आणि मोडलेला भाग पूर्वीसारखा करायला जो खर्च येईल तो द्यायचा आहे. घसाऱ्याला तिथं जागा नाही. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिलं: कलम, कपातीचा आकडा, उचकटलेल्या विटांचा फोटो. शेवटी लिहिलं की महिन्यात निकाल न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करीन. तिथं फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पत्रात आवाज चढवला नव्हता. अठराव्या दिवशी ५१,७०० रुपये मंजूर झाल्याचं कळवलं. गाद्या गेल्या त्या गेल्या. त्या जुन्या होत्या आणि त्यांची पावतीही माझ्याजवळ नव्हती, त्यासाठी मी पुढे भांडलो नाही.

तरी पैसे हातात आले नाहीत, कारण कर्ज चालू असल्यामुळे पॉलिसीवर बँकेचं नाव आहे आणि पहिला हक्क तिचा. दुरुस्ती मी केली आहे, रक्कम माझ्या खात्यात द्यायला हरकत नाही, असं बँकेचं पत्र लागलं. त्यासाठी शाखेत चार हेलपाटे झाले. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी हे पत्र पहिल्याच आठवड्यात मागून ठेवावं, मी शेवटी मागितलं आणि त्यात नऊ दिवस गेले. वादळापासून एकोणसाठाव्या दिवशी पैसे जमा झाले.

दुरुस्ती करताना आम्ही बाराही पत्रे नवे, रंगीत घातले. त्यातला जादा खर्च कंपनीनं दिला नाही आणि तो द्यावा असं माझं म्हणणंही नव्हतं. विमा होतं तसं करून देतो, त्याहून चांगलं आपल्या पैशानं करायचं. पत्रेवाल्यानं या वेळी बोल्ट जवळजवळ घातले आणि वाऱ्याच्या बाजूच्या कडेला दुहेरी ओळ मारली, तेवढी मजुरी मी आनंदानं दिली.

कंपनी बदलायचा विचार मनात आला होता. पण माझी पॉलिसी २०३१ पर्यंत आहे, विम्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते, आणि फोनवरची मुलगी, वर चढून बघणारे सर्व्हेअर यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती हिशेब न देता सही मागणाऱ्या टेबलाबद्दल, आणि ती मी कंपनीला लेखी कळवली आहे. पॉलिसी चालू ठेवतोय. पुस्तकाची एक प्रत काढून घरी टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली आहे, शेजारच्या दोघांनी वाचायला नेली होती, परवाच परत आली.