हेड उघडलंच नव्हतं, पैसे मात्र घेतले

मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर गेला की बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या रोज दिसतात. यंदा त्यांत आमचीही होती. बुटीबोरीहून परतताना वर्धा रोडवर टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकला. टोचन लावून गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली. चार वर्षांपासून सर्व्हिसिंग तिथेच होत असल्याने दुसरीकडे विचारलंसुद्धा नाही.

मालकाने डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल तपासायची पट्टी, काढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. "हेड गॅस्केट गेलं मॅडम. पाणी ऑइलमध्ये उतरून राहिलं. हेड उतरवून फेसिंग करा लागते. तुम्ही टेन्शनच नका घेऊ." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पातळ पट्टी, आणि फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. मालकाचं निदान बरोबर होतं, हे मला आजही मान्य आहे. म्हणूनच पुढे शंका आली नाही.

खर्च 12,000 सांगितला, तोही तोंडी. पाचव्या दिवशी बिल झालं 18,400 रुपये. त्यात हेड गॅस्केट, हेड फेसिंग, हेड बोल्ट, कूलंट, ऑइल आणि लेबर असं सगळं लिहिलेलं होतं. "जुनं गॅस्केट कुठे आहे?" असं मी विचारलं. "ते तर भंगारात गेलं न मॅडम." मी पैसे दिले आणि गाडी घरी आणली.

आठवडाभर गाडी छान चालली. काटा अर्ध्यापर्यंतही चढत नव्हता आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं. त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, की इंजिन तापल्यावरही काटा खालीच राहत असेल तर आत कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असू शकतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप; ती नसली की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत मग दुखणं झाकलं जातं.

दहाव्या दिवशी आईला घेऊन अमरावतीला निघाले. कोंढाळीच्या अलीकडे सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि गाडी बंद पडली. आई सत्तरीची आहे, दुपारचे दोन वाजले होते आणि आसपास सावलीला एक झाड नव्हतं. एका ट्रकवाल्या दादांनी तिला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं. पैशांचं दुःख कमी होईल, पण त्या दुपारचा राग माझ्या मनातून जात नाही.

गाडी परत त्याच गॅरेजला नेली, ही माझी दुसरी चूक. तीन दिवस ठेवून घेऊन तो म्हणाला, "आता इंजिनच काम निघालं, 35,000 लागतीन." मी नको म्हटलं, तर तपासणीचे 2,000 दिल्याशिवाय चावी देईना. केलेल्या कामाचे रास्त पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम 170 नुसार कारागिराला असतो. म्हणून तिथे हमरीतुमरीवर येण्यात अर्थ नव्हता. बिलावर 'हरकत नोंदवून पैसे देत आहे' असं लिहून सही केली, त्याचा फोटो काढला आणि गाडी उचलली.

दुसऱ्या मिस्त्रीकाकांनी काहीही उघडण्याआधी मला जवळ बोलावलं. "हे पाहा ताई." हेडच्या बोल्टांवर कित्येक वर्षांची तेलकट काजळी जशीच्या तशी होती, पान्याची एक चमकही नव्हती. बोल्ट सैल केलेच नव्हते, तर गॅस्केट बदललं कसं? रेडिएटरचं झाकण काढलं तर आत तपकिरी गाळ. गळती तात्पुरती बुजवणारं औषध ओतलं होतं. थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती.

मी काकांना तिथेच थांबवलं. पहिल्या गॅरेजवाल्याला व्हॉट्सॲपवर कळवलं, की उद्या अकरा वाजता हेड उघडणार आहे, यायचं असेल तर या. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, तो आला नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पायरीचा व्हिडिओ घेतला, त्यात गाडीचा नंबरही येऊ दिला. काकांनी काय सापडलं ते लेटरहेडवर लिहून सही-शिक्का दिला. हे कागद दुरुस्तीआधीच करून घ्या, कारण गाडी एकदा नीट झाली की आधी काय होतं ते दाखवायला काही उरत नाही. शिवाय गाडी देतानाच जॉबकार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, 'जुने पार्ट परत हवेत' असं लिहून घ्या. हेडचं काम असेल तर हेड उतरवलेलं असताना स्वतः जाऊन पाहा.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. पंधरा दिवस उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून 2 वर्षांची मुदत असते. मी तक्रार घरी बसून मराठीतच लिहिली, अडीच पानं झाली.

सुनावणीची तारीख अजून यायची आहे. काकांनी काढून दिलेलं ते जुनं, कडेला जळलेलं गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून, मी कपाटात ठेवलं आहे. पहिल्या गॅरेजवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे ते भंगारात गेलेलं आहे.