ऑइल गॅलरी साफ करण्याच्या ब्रशांचा संच : एका इंजिनकामातला अनुभव

बोअरिंग आणि होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून आणि घासून नीट करण्याचे काम, होऊन आलेला चार सिलिंडरचा इंजिन ब्लॉक बाहेरून इतका स्वच्छ दिसत होता की तो लगेच बांधायला घ्यावा, असे कोणालाही वाटले असते. मी मात्र मुख्य ऑइल गॅलरीच्या, म्हणजे ब्लॉकमधून बेअरिंगकडे तेल नेणाऱ्या लांब छिद्राच्या, दोन्ही टोकांचे प्लग (बुचे) काढले आणि या संचातला सर्वांत लांब नायलॉन ब्रश रॉकेलमध्ये बुडवून आत सारला. बाहेर आलेला ब्रश पांढऱ्या सुती फडक्यावर झटकला, तेव्हा काळ्या गाळाबरोबर उजेडात लुकलुकणारा लोखंडाचा बारीक कीसही पडला. तेल आधी ऑइल फिल्टरमधून जाते आणि मग या गॅलरीत येते. म्हणजे तिच्यात राहिलेला कीस फिल्टरला कधी भेटतच नाही, तो इंजिन पहिल्यांदा सुरू होताच थेट बेअरिंगवर जातो, आणि तिथली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते.

संचातले नायलॉन ब्रश मला मनापासून आवडले. त्यांची पिळाची तार ताठ आहे, तरी वळणावर मोडत नाही. त्याचा खरा उपयोग क्रँकशाफ्टमध्ये झाला, कारण मेन जर्नलपासून (शाफ्टचा ब्लॉकमधल्या बेअरिंगवर फिरणारा भाग) क्रँकपिनपर्यंत (कनेक्टिंग रॉड जिथे बसतो तो भाग) जाणारी छिद्रे तिरकी असतात आणि नुसती हवा मारली की सैल कचरा तेवढा उडतो, भिंतीला चिकटलेला गाळ जागचा हलत नाही. सर्वांत बारीक ब्रश हाताने फिरवत आरपार ओढल्यावर तो गाळ सुटला. मात्र ब्रशच्या टोकाशी तार उघडी आहे. तिचा ओरखडा जर्नलच्या घोटीव पृष्ठभागावर उठू नये म्हणून मी प्रत्येक टोकाला थोडी चिकटपट्टी गुंडाळली. हे काम बनवणाऱ्यानेच करायला हवे होते.

पितळी ब्रशांबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. एका बंद टोकाच्या छिद्रात त्यांतल्या एकाचा केस तुटून राहिला आणि तो काढण्यात माझा बराच वेळ गेला. जी वस्तू कचरा काढण्यासाठी घ्यायची, तिनेच आत धातू सोडावा, हे मला मान्य नाही. प्लगच्या आट्यांत बसलेले जुने सीलंट खरवडायला ते ठीक आहेत, गॅलरीत मी ते पुन्हा घालणार नाही.

हा संच घेणाऱ्याने एवढे जाणून घ्यावे की प्लग जागेवर ठेवून ब्रश फिरवण्यात अर्थ नाही, कारण गाळ नेमका प्लगच्या मागच्या कोपऱ्यात साचतो. ब्रशनंतर मी गरम पाणी आणि साबणाने प्रत्येक मार्ग पुन्हा घासला, डोळ्यांवर चष्मा लावून कंप्रेसरची हवा मारली आणि लगेच तेल फिरवले; बिडाच्या ओल्या पृष्ठभागावर गंज चढायला काही मिनिटेही पुरतात. ही सारी फेरी मला तीनदा करावी लागली. दुसऱ्या वेळीही फडक्यावर राखाडी डाग उमटला होता. तिसऱ्या वेळी ते पांढरे राहिले, आणि मगच मी नवे प्लग बसवले.