चावी ओढली, तरी काटा चालतच होता

३३,४०० रुपये, घड्याळाचे सुटे भाग विकणाऱ्या एकाने फसवून नेलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो अजून पूर्ण सांगितलेला नाही. १५,००० आगाऊ, यूपीआयने. २,४०० ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय’ म्हणून, तेही यूपीआयने. उरलेले १६,००० ऐरोली स्टेशनबाहेर, रोख, त्याच्या हातावर. रोखीची पावती नाही, साक्षीदार नाही. ज्याला हसायचंय त्याने इथेच हसून घ्यावं.

माल होता चार घड्याळं जुळवण्याचा. एनएच३५ मशीन, म्हणजे सेको या जपानी कंपनीचं आपोआप चावी भरणारं आतलं यंत्र, चार, ३,६०० प्रमाणे १४,४००. ३१६एल स्टीलच्या केस (बाहेरचं कवच), सफायर काच आणि सिरॅमिक बेझल (काचेभोवतीचं कडं) धरून, ३,२०० ला एक, म्हणजे १२,८००. डायल आणि काट्यांचे चार संच, ९५० प्रमाणे ३,८००. हे भाव फुकटात दिल्यासारखे नव्हते, हे मुद्दाम लिहितोय. जो भेटतो तो विचारतो, ‘एवढं स्वस्त देत होता तेव्हाच कळलं नाही का?’ स्वस्त नव्हतंच. चोराने भाव बाजारासारखाच ठेवला होता, आणि म्हणूनच संशय आला नाही.

आधी एखादी छोटी वस्तू खरी द्यायची, विश्वास बसला की मोठी ऑर्डर घ्यायची, मग ‘स्टॉक संपत आलाय’ची घाई, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. ते पुन्हा सांगत बसत नाही. सांगायचंय ते त्या व्हिडिओबद्दल.

आगाऊ रक्कम गेल्यावर दोन दिवसांनी त्याने २१ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. काळं डायल, लाल टोकाचा सेकंद काटा, तीनच्या आकड्यापाशी चावी, म्हणजे बाजूची फिरवायची घुंडी. सातव्या सेकंदाला त्याचा अंगठा आणि तर्जनी चावीवर येतात. चावी एक टक बाहेर येते, मग दुसरी टक. एनएच३५ असतं, तर दुसऱ्या टकीला सेकंद काटा जागच्या जागी मेला असता. त्यालाच हॅकिंग म्हणतात आणि एनएच३५ घेण्याचं अर्धं कारण तेच. इथे काटा ३४ वर होता. ३५, ३६, ३७, ३८. आरामात चालला होता. मी पाहिलं. थांबवून, मागे घेऊन पुन्हा पाहिलं. त्याला विचारलंसुद्धा!

उत्तर आलं, ‘दादा, नव्या बॅचला हॅकिंग येत नाही, म्हणून तर तुम्हाला या रेटमध्ये देतोय.’

आणि मी मानलं. का मानलं याचं उत्तर लाजिरवाणं आहे. मला ७एस२६ आठवलं. सेकोचं ते जुनं मशीन हॅक होत नाही, हाताने चावीही भरता येत नाही, आणि वर्षानुवर्षं लाखो घड्याळांत बसलं. म्हटलं, असेल काहीतरी तसंच. अरे, पण ते ७एस२६ आहे! एनएच३५ त्याच घराण्यातलं, पण हॅकिंग आणि हाताने चावी भरण्याची सोय, दोन्ही असलेलं. हॅकिंग नसलेली एनएच३५ ची बॅच नावाचा प्रकारच नाही. अर्धवट माहिती असणाऱ्याला हा माणूस फसवू शकला नसता, त्याने सरळ ‘नको’ म्हटलं असतं. मला जास्त माहिती होती, म्हणून मीच त्याच्या बाजूने कारण शोधून दिलं. शिवाय १५,००० आधीच गेलेले होते. तो पैसा वाचवायचा, तर व्हिडिओ खरा असायलाच हवा होता.

कस्टमचं एका वाक्यात: कस्टमची ड्यूटी कुरिअर किंवा पोस्टामार्फत, पावतीवर भरतात, कुणाच्या खासगी यूपीआयवर कधीच नाही.

ऐरोलीला त्याने मनगटावरचं घड्याळ काढून दाखवलं, पाठीमागचं झाकण उघडून. खरं एनएच३५. रोटरवर, म्हणजे हात हलला की आत फिरणाऱ्या वजनावर, २४ ज्वेल्सचा (आतल्या खड्यांचा) छाप, चावी ओढली की काटा ठप्प. पण ते त्याचं होतं, माझं नव्हतं. माझी चार मशीन बंद पारदर्शक डब्यांत होती आणि रोटरवरचा छाप बाहेरूनच दिसत होता. ‘डबी इथे उघडू नका दादा, धूळ बसेल.’ हा सल्ला अगदी बरोबर आहे. कुठलाही घड्याळजी हेच सांगेल. रस्त्यावर, रिक्षांच्या धुरात मशीन उघडं करायचं नसतंच. पण मग १६,००० सुद्धा तिथे द्यायचे नसतात.

घरी पहिलं डायल बसवायला घेतलं, तेव्हा दुसऱ्यांदा कळायला हवं होतं. एनएच३५ च्या डायलला बहुतेक वेळा मागे चार पाय येतात: दोन चावी तीनला असलेल्या केससाठी, दोन चावी चारच्या आसपास असलेल्या केससाठी. आपल्या केसप्रमाणे दोन ठेवायचे, दोन कापायचे. २८.५ मिमीचं डायल, २७.४ मिमीचं मशीन, पाय भोकांत टप्पकन बसतात. बसले नाहीत. एक पाय भोकापाशी येतो, तर दुसरा काठावर चढतो. खऱ्या मशीनवर असं होत नाही. मी काय केलं? डायल चिनी आहे, पाय वाकडे असतील, असं म्हणून चारही पाय निपरने कापले आणि डायल दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टिकल्यांवर बसवलं. ही युक्ती खरीच वापरतात, पण मशीन ओळखीचं असेल तेव्हा. दुसऱ्या डायलचेही तसेच कापले. दोन डायल वाया, आणि ‘माल जसा दिला तसा परत घ्या’ म्हणायची सोयही गेली.

पाय बसत नसेल तर कापू नका. तिथेच थांबा.

तिसऱ्यावेळी केस हातात धरून सवयीने हलकासा हिसका दिला, तर आतून भिर्रर्र. रोटर मोकळा फिरत होता, पूर्ण केस तळहातात थरथरत होती. एनएच३५ मध्ये सेकोची मॅजिक लिव्हर असते, १९५९ पासूनची. दोन नख्या चाकाला आळीपाळीने ओढतात, ढकलतात, म्हणून रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी चावी भरते आणि असा बेफाम सुटत नाही. एकाच दिशेने भरणाऱ्या मशीनचा रोटर दुसऱ्या दिशेला मोकळा असतो. रोटर काढला. खाली मॅजिक लिव्हर नव्हती, जपानी मियोटाच्या ८२ मालिकेच्या धर्तीवरचं चिनी मशीन, डीजी२८१३, होतं. २१ ज्वेल्सचं, खऱ्याच्या मानाने बरंच स्वस्त. वर रोटर तेवढा २४ ज्वेल्स छापलेला. चारही तशीच.

टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रावर, आधी ठेवलं असतं तर? नाही. दोघांचाही ठोका ताशी २१,६०० च. ‘बीट बरोबर आहे, म्हणजे मशीन खरं’ हा समज डोक्यातून काढा. हॅकिंग, रोटरचा आवाज, डायलचे पाय, या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही आणि त्या फसवत नाहीत.

काच सफायर नव्हती. हिरा तपासायच्या स्वस्त पेनाने सफायरवर दोन-चार दिवे लागतात, साध्या मिनरल काचेवर काहीच नाही. माझ्या चारही काचांवर काहीच नाही. पाण्याच्या थेंबाच्या चाचणीवर विसंबू नका, लेप दिलेली साधी काचही थेंब गोल धरते. ‘सिरॅमिक’ बेझलवर पिनेने आतल्या कडेला ओरखडा उठला. ॲल्युमिनियम.

एचएमटीच्या जुन्या घड्याळांत मी असा कधीच सापडलो नसतो, एवढं स्वतःच्या बाजूने लिहू द्या. ‘नवी कोरी, न वापरलेली जनता’ (जनता हे एचएमटीचं एक मॉडेल) म्हणून जे लखलखीत केशरी आणि पोपटी डायल विकतात, ते रंगवलेले असतात हे मला दुरून कळतं. कंपनीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ चा, आणि ‘नवा जुना स्टॉक’ अजून संपत नाही, हे कसं? या विक्रेत्यानेही मला तसली सहा दाखवली होती. मी हसून नाही म्हटलं होतं. ऐरोलीच्या त्याच भेटीत.

आता तक्रारीचं. ठाण्यात, खाडीच्या अलीकडच्या पोलीस चौकीत विचारलं, ‘रोख कुठे दिली?’ ऐरोलीला. ‘मग तिकडे जा.’ ट्रान्सहार्बरने तिकडे गेलो. ‘आगाऊ पैसे कुठून पाठवले?’ ठाण्याहून. ‘मग तिकडेच. आणि ऑनलाइन आहे, तर सायबरला.’ सायबरच्या टेबलावर: ‘१६,००० रोख दिलेत ना? मग ही सायबर कशी?’ बँकेत: ‘पिन तुम्हीच टाकलात ना, सर?’ तीन दिवस, चार खेपा, दोन अर्ध्या रजा. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठली का असेना, तक्रार घ्यावी लागते, हे मी कागदावर छापून नेलं होतं. समोरच्या साहेबांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. ‘चारसोवीस’चं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं, तेही मीच सांगितलं. मग त्यांनी घड्याळ पाहायला मागितलं.

इथे कबूल करतो. चारपैकी तीन डायल कोरी होती, एकावर रोलेक्सचा तो मुकुट होता. होता, मान्य. कपाटात ठेवायचं होतं, विकायचं नव्हतं. ट्रेड मार्क कायदा, १९९९ चं कलम १०४ विकणं, विक्रीला मांडणं, विक्रीसाठी जवळ बाळगणं याबद्दल आहे. साहेब म्हणाले, ‘म्हणजे डुप्लिकेट घेताना डुप्लिकेट मिळालं, असं लिहायचं का?’ बाकावरचे तिघे हसले. त्यानंतर चौकीत माझी बाजू संपली. ज्याने चार खोटी मशीन विकली त्याच्याबद्दल एक प्रश्न नाही, आणि माझ्या एका डायलवर पाऊण तास. लोगो असलेलं डायल मागवूच नका. नीतीसाठी म्हणत नाही. फसलात तर तुमचंच तोंड बंद करायला ते वापरतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्याच तासाला करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी नवव्या दिवशी केला, कारण आठ दिवस डायलचे पाय आणि स्वतःची समजूत यांच्याशी झगडत होतो. माल हातात घ्यायचा असेल तर पूर्ण रक्कम यूपीआयने, आणि एक मशीन केसमध्ये बसवून, तिथेच, दुसऱ्या टकीपर्यंत चावी ओढून. तो ‘नाही’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. काल मित्राच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसलं: तेच काळं डायल, तोच लाल टोकाचा काटा, भाव ३,७५०. व्हिडिओ आता सहा सेकंदांचा आहे.