२०१३ चा पीसी, १०० टक्के प्रोसेसर आणि ग्राफिक ड्रायव्हर, सात महिन्यांनंतरचा अनुभव

ज्यांच्याकडं अजून जुना पीसी कामावर आहे त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण मला ऑगस्टमध्ये हे कुणीतरी सांगितलं असतं तर ऐन गणपतीच्या तोंडावर माझे आठ दिवस वाया गेले नसते.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं छोटं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची डिझाईन करायचं, दुकान हाय. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, फ्लेक्स, तालमींच्या फुटबॉल टीमचे बॅनर, सगळं एकाच मशिनवर. आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि २०१७ ला टाकलेलं जीटी ७१० ग्राफिक कार्ड (स्क्रीनवरचं चित्र काढणारं). प्रोसेसर २०१२ च्या पिढीचा असला तरी चार कोर हायत, कोरलड्रॉ ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरला आजही पुरतो, म्हणून बदलायचा विचारच कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठवडाभर मशिन एकदम जड झालं. फाईल उघडली की पंख्याचा आवाज मिक्सरसारखा, टास्क मॅनेजर (मशिनवर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्के. आणि मधूनच स्क्रीन दोन सेकंद काळी व्हायची, परत यायची, खाली कोपऱ्यात मेसेज यायचा की डिस्प्ले ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक कार्ड जोडणारं सॉफ्टवेअर) थांबला होता आणि परत सुरू झाला. मग मी जे सगळे करतात तेच केलं, एक फुकट ड्रायव्हर अपडेट करणारं सॉफ्टवेअर उतरवलं आणि दिसंल ते अपडेट करून टाकलं. नाव लिहीत नाही, अशी ढिगानं आहेत, पण कृपा करून असलं काही वापरू नका. रिस्टार्ट केल्यावर स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर, अक्षरं भोपळ्याएवढी, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशिनच्या भागांच्या यादीत, कार्डावर पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे कार्डानं अडचण कळवली म्हणून विंडोजनं ते थांबवलेलं.

हितनं पुढं खरा घोळ झाला आणि तो समजून घ्या. पिवळा त्रिकोण काढायचा म्हणून मी ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला, तर विंडोज स्वतःच्या बेसिक डिस्प्ले ड्रायव्हरवर चालू झालं. दिसतं सगळं, म्हणून वाटतं काम भागलं. पण त्या ड्रायव्हरवर कार्ड काहीच काम करत नाही, खिडकी हलवायची, पान स्क्रोल करायचं, व्हिडिओ दाखवायचा, हे सगळं चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या डोक्यावर येतं. ओळखायची खूण सोपी हाय, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जीपीयूचा (ग्राफिक कार्डाच्या चिपचा) रकानाच गायब असतो आणि डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाची प्रोसेस, जी एरवी एक-दोन टक्क्यांत असते, ती नुसती खिडकी ओढली तरी वर उडते. मी चार दिवस अँटीव्हायरस, स्टार्टअपचे प्रोग्रॅम, सर्च इंडेक्सिंग हे बंद करत बसलो आणि त्यातल्या कशाचाच दोष नव्हता.

दुकानावर एकाला बोलावलं तर तो पाच मिनिटं बघून म्हणाला, "मालक, ह्यात आता जीव राहिला नाही, नवीन घ्या." मंडळांचे ॲडव्हान्स घेतलेले, नवीन मशिन, त्यावर परत सगळे फाँट आणि सॉफ्टवेअर, ते त्या आठवड्यात शक्यच नव्हतं. शेवटी शेजारचा पॉलिटेक्निकला असलेला पोरगा आला, त्यानं पहिला प्रश्न विचारला, "दादा, टेंपरेचर बघितलंस का आधी?" बघितलंच नव्हतं.

कोअर टेंप हे प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि दोघं नुसते आकडे बघत बसलो. कोरलमध्ये मोठी फ्लेक्सची फाईल उघडल्यावर तीन-चार मिनिटांत शंभर डिग्री पार. आणि एक गोष्ट दिसली जी मी आठवडाभर उलटी वाचत होतो. सुरवातीला सीपीयू १०० टक्के दाखवायचा, थोड्या वेळानं आकडा पन्नासाच्या आसपास यायचा आणि मला वाटायचं चला सुटलं, पण माऊस तर अजूनच जड. त्याच खिडकीत खाली स्पीड लिहिलेला असतो तो बघा, ह्या प्रोसेसरचा मूळ स्पीड ३.२ गीगाहर्ट्झ, आणि तो १.६ वर येऊन पडलेला. म्हणजे तापल्यामुळं प्रोसेसरनं स्वतःचा वेग निम्मा केलेला. विंडोज १० चा टास्क मॅनेजर टक्केवारी मूळ स्पीडच्या हिशोबानं दाखवतो, त्यामुळं वेग पडला की टक्केही कमी दिसतात. आकडा कमी आणि मशिन मंद, असं एकाच वेळी दिसलं तर ते उष्णतेचं दुखणं, सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका.

डबा उघडला. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पात्यांवर धुळीचा थर गोधडीसारखा, पावसाळ्याच्या दमटपणानं तो चिकट झालेला, नुसत्या ब्लोअरनं निघाला नाही, जुन्या टूथब्रशनं एकेक फट उकरावी लागली. पंखा ज्या चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो त्यातली एक पिन वर आलेली होती, म्हणजे हीटसिंक एका बाजूनं उचलला गेलेला. आणि प्रोसेसर-हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, नख लावलं की भुगा पडत होता. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसल्या, मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट, चारी पिना समोरासमोरच्या जोडीनं खट्ट आवाज येईपर्यंत दाबल्या. तीच फाईल, तेच काम, टेंपरेचर सत्तरच्या आत. त्या दिवशी रात्री मला खरंच झोप लागली.

मग ड्रायव्हर. आधी एक चाचणी त्या पोरानं करायला लावली ती फार कामाची निघाली. कार्ड काढून मॉनिटरची केबल सरळ मदरबोर्डच्या पोर्टला लावली, ह्या प्रोसेसरमध्ये एचडी २५०० ग्राफिक्स आतच आहे, त्यावर मशिन दिवसभर नीट चाललं. म्हणजे बाकी सगळं ठणठणीत, दुखणं कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरपुरतंच. जीटी ७१० हे एनव्हिडियाच्या केपलर पिढीचं कार्ड, ह्या पिढीला ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा (आवृत्त्यांची मालिका), ऑक्टोबर २०२१ पासूनचे नवीन ड्रायव्हर ह्याला चालत नाहीत आणि सिक्युरिटी अपडेटही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होते. त्यामुळं "लेटेस्ट ड्रायव्हर टाका" हा सल्ला ह्या कार्डाला लागूच नाही. ४७० शाखेतला शेवटचा ड्रायव्हर कंपनीच्याच साईटवरनं मॉडेल निवडून आधी उतरवून ठेवला, नेटची वायर काढली, सेफ मोडमध्ये (कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाच्या सॉफ्टवेअरनं जुनं सगळं झाडून काढलं, आणि मग नॉर्मल मोडला येऊन तो टाकला. नेटची वायर काढायची विसरू नका, नाहीतर मधल्या वेळेत विंडोज स्वतःहून दुसरा ड्रायव्हर आणून बसवतं आणि परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

काळ्या स्क्रीनचं मात्र एवढ्यानं गेलं नाही. आधी दिवसातनं आठ-दहा वेळा व्हायचं ते एक-दोनवर आलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची बिघाडांची नोंदवही) ४१०१ नंबरची नोंद. कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रिसेट करतं, तो हा प्रकार. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन हे दोन सेकंद वाढवा असं बरेचजण सांगतात, मी आठ केले, फायदा काही नाही, फक्त स्क्रीन जास्त वेळ अडकून बसायची. परत मूळ ठेवलं. शेवटी कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासल्या, स्लॉटमधली धूळ ब्रशनं काढली, परत घट्ट बसवलं आणि स्क्रू आवळला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून आजपर्यंत ४१०१ ची एकही नोंद नाही, मी दर महिन्याला बघतो.

एक गोष्ट राहतेच. युट्यूबवर १०८० चा व्हिडिओ लावला की प्रोसेसर ६० टक्क्यांवर जायचा, ड्रायव्हर नीट असूनसुद्धा. कारण तिकडनं व्हिडिओ बहुतेक व्हीपी९ ह्या प्रकारच्या कॉम्प्रेशनमध्ये येतो आणि ना हे कार्ड ना एचडी २५०० तो हार्डवेअरमध्ये उलगडू शकत. ब्राउझरमध्ये एच२६४ हा जुना प्रकार, जो कार्डाला उलगडता येतो, सक्तीनं मागणारं एक्स्टेंशन टाकलं, आता तोच व्हिडिओ २० टक्क्यांच्या आसपास चालतो. १०८० च्या वरचं मिळत नाही, मला लागतही नाही.

सात महिन्यांत नवरात्र झालं, फुटबॉलचा सीझन झाला, आता ज्योतिबाच्या यात्रेचे बॅनर चाललेत, मशिन सकाळी नऊ ते रात्री नऊ. खर्च पेस्टची ट्यूब आणि अल्कोहोलची बाटली एवढाच, आणि त्या पोराला जबरदस्तीनं दिलेलं पाकीट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून एक वर्षाचे वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. बँकेचं काम सपोर्ट संपल्यापासून ह्या मशिनवर करत नाही, त्यासाठी मोबाईल.

अजून एक अडचण सुटलेली नाही. स्लीपमधनं उठवलं की कधीकधी स्क्रीनवर रेघा येतात, कार्ड बदलून बघायला दुसरं कार्ड हाताशी नाही. तोवर स्लीप बंद ठेवलाय, जेवायला जाताना मी सरळ शटडाऊन करतो. कुणी केपलर कार्डावर हे सोडवलं असेल तर नक्की सांगा.