‘लाइव्ह प्रोजेक्ट’च्या नावाने झालेली माझी फसवणूक

जून २०२४ मध्ये मी अंधेरी पूर्वेच्या एका खासगी क्लासमध्ये सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट शिकण्यासाठी प्रवेश घेतला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्या क्लासच्या दाराला कुलूप लागले. माझी तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे क्लासचे नाव येथे लिहीत नाही. तो ज्या रीतीने चालत होता ती रीत मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण कुलूप लागण्याच्या कितीतरी आधीपासून मी फसत होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

मी बी.कॉम. झालेली असून मशीद बंदरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. आमचे घर लालबागला आहे आणि आई घरूनच पोळी-भाजीचे डबे देते. संगणकाची पदवी नसलेल्या माणसालाही प्रोग्रामिंग शिकता येते, परंतु त्यासाठी रोज स्वतःच्या हाताने काहीतरी करून पाहावे लागते, असे या क्षेत्रातल्या ओळखीच्या माणसांनी मला सांगितले होते. त्यामुळे ‘ऐंशी टक्के प्रॅक्टिकल, प्रत्यक्ष ग्राहकाच्या लाइव्ह प्रोजेक्टवर काम आणि नोकरीची हमी’ ही जाहिरात वाचून मी त्या क्लासकडे वळले. मला जे हवे होते, नेमके त्याचेच नाव घेऊन त्यांनी मला बोलावले होते.

डेमो लेक्चरमध्ये शिक्षकांनी चाळीस मिनिटांत आमच्या डोळ्यांसमोर खरेदीची एक वेबसाइट उभी केली. त्यातला बहुतेक कोड आधीच लिहून ठेवलेला होता आणि ते केवळ एकामागून एक फाइल उघडून दाखवत होते, हे आज मला कळते. त्या दिवशी मी भारावून गेले होते. लेक्चर संपताच समुपदेशक बाईंनी मला केबिनमध्ये बसवले आणि “ताई, ही सवलत आज संध्याकाळपर्यंतच आहे, उद्या या बॅचमध्ये जागा राहणार नाही,” असे सांगितले. फी ८५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,००,३०० रुपये होते. त्यांपैकी १०,३०० रुपये मी तिथेच यूपीआयने भरले, आणि उरलेल्या रकमेचे ‘बिनव्याजी हप्ते’ करून देतो असे म्हणून त्यांनी माझा फोन मागून घेतला. आधार, पॅन, एक सेल्फी आणि तीन ओटीपी एवढ्यावर वीस मिनिटांत दरमहा ७,५०० रुपयांचे बारा हप्ते माझ्या बँक खात्याला जोडले गेले.

हे हप्ते क्लासला जाणारच नव्हते. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर ९०,००० रुपयांचे कर्ज काढून ती रक्कम क्लासच्या हवाली केली होती आणि मी त्या कंपनीची कर्जदार झाले होते. ‘कर्ज’ हा शब्द त्या केबिनमध्ये एकदाही उच्चारला गेला नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी जे नियम केले, त्यांनुसार कर्जदाराला अटींचा सारांश आधी द्यावा लागतो आणि मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाविना कर्जातून बाहेर पडण्यासाठी सुरुवातीचे काही दिवसही द्यावे लागतात. ते कागद माझ्या ईमेलवर त्याच रात्री आले होते. मी ते चार महिन्यांनी उघडले. पावतीवर जीएसटी क्रमांकही नव्हता. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो, तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. रोज बिले तपासणाऱ्या मला हे पक्के ठाऊक होते आणि तरीही मी ती पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली, याचे मला अजून वाईट वाटते.

शनिवारी आणि रविवारी चिंचपोकळीहून दादरला जायचे, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची आणि सकाळी नऊला अंधेरीत पोहोचायचे, असे चार महिने चालले. वर्गात शिक्षक पडद्यावर जावास्क्रिप्ट या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड टाइप करत आणि आम्ही सव्वीस जण तो पाहून जसाच्या तसा टाइप करत असू; यालाच तेथे प्रॅक्टिकल म्हणत. एखाद्याच्या मशीनवर एरर आली की शिक्षक येऊन माउस स्वतःकडे घेत, दोन ठिकाणी बदल करत आणि “झालं, चला पुढे,” असे म्हणून निघून जात. मला तेव्हा त्यांच्या हुशारीचे कौतुक वाटे. वास्तविक शिकण्याचा क्षण तोच असतो. एररच्या मजकुरात कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर काय बिनसले आहे ते बहुधा लिहिलेलेच असते, आणि ते वाचून, अंदाज बांधून, एकेक गोष्ट बदलून पाहण्याची सवय नवशिक्याला लागली, तरच पुढचे काही शक्य होते. आमच्याकडून तो क्षण प्रत्येक वेळी काढून घेतला जात होता. चार महिन्यांत कोऱ्या फाइलमध्ये एकही फंक्शन, म्हणजे एखादे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, मी स्वतः विचार करून लिहिले नव्हते.

ऑगस्टमध्ये बहुचर्चित लाइव्ह प्रोजेक्ट सुरू झाला. घाटकोपरच्या एका दवाखान्याला रुग्णांच्या वेळा नोंदवण्यासाठी वेबसाइट हवी आहे, असे आम्हाला सांगण्यात आले आणि प्रत्येकाला एक झिप फाइल देण्यात आली. ती उघडून चालवायची, दवाखान्याचे नाव आणि रंग बदलायचे, एक-दोन पाने जोडायची आणि रेझ्युमेमध्ये ‘ग्राहकासाठी प्रकल्प पूर्ण केला’ असे लिहायचे, एवढेच आमचे काम होते. दवाखान्यातले कोणी कधी वर्गात आले नाही, कोणी फोनवर बोलले नाही, आणि ‘हे असे नको, तसे हवे’ असा एकही निरोप आला नाही. खऱ्या ग्राहकाच्या कामात हे घडूच शकत नाही.

सप्टेंबरमध्ये मी स्वतःच अर्ज केलेल्या ऐरोलीच्या एका कंपनीत मला मुलाखतीला बोलावले. त्या गृहस्थांनी माझा रेझ्युमे वाचून विचारले, “दोन रुग्णांनी एकाच क्षणी एकाच डॉक्टरांची तीच वेळ घेतली, तर तुमची वेबसाइट काय करते?” मला उत्तर देता आले नाही. डॉक्टर, तारीख आणि वेळ हे तिन्ही मिळून एकच नोंद होऊ शकेल, असे बंधन थेट नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्येच घालायचे असते, हे मी नंतर शिकले. मग त्यांनी कागद पुढे करून, दिलेल्या संख्यांमधून दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधून देणारे फंक्शन लिहायला सांगितले. पंधरा मिनिटांत मी ‘फंक्शन’ हा शब्द आणि दोन कंस एवढेच लिहू शकले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “ताई, हा प्रोजेक्ट तुम्ही लिहिलेला नाही. कोणी लिहिला ते एकदा शोधून पाहा.”

त्या रात्री मी ते फोल्डर प्रथमच बारकाईने पाहिले. ‘गिट’ ही कोडमधील प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केली. कोणता बदल कोणी आणि कोणत्या दिवशी केला, याचा सगळा इतिहास ती प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या उपफोल्डरमध्ये ठेवते. आमच्या झिपमधून तो उपफोल्डर काढून टाकलेला होता. परंतु ‘पॅकेज डॉट जेसन’ या प्रकल्पाची माहिती असलेल्या फाइलमध्ये लेखकाच्या रकान्यात एका अनोळखी परदेशी माणसाचे नाव तसेच राहिले होते आणि एका व्हेरिएबलच्या, म्हणजे कोडमध्ये माहिती साठवायला दिलेल्या नावाच्या, स्पेलिंगमध्ये चूक होती. ते चुकीचे नाव गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर शोधले, तेव्हा संपूर्ण प्रकल्प तिथे सर्वांसाठी खुला ठेवलेला सापडला, त्याच चुकीसह. त्यातला शेवटचा बदल २०१९ मधला होता. खुल्या परवान्याचा कोड घेऊन वापरण्यात गैर काही नाही, उलट तो वाचून पुष्कळ शिकता येते. तो घाटकोपरच्या दवाखान्याचे काम म्हणून लाख रुपयांना आमच्या गळ्यात मारणे, ही फसवणूक आहे.

जाब विचारल्यावर व्यवस्थापकांनी नाकारले नाही. “सगळीकडे असंच चालतं,” असे म्हणून त्यांनी आणखी १२,००० रुपयांत दोन वर्षांच्या अनुभवाचे पत्र मिळवून देण्याची तयारी दाखवली. ते मी घेतले नाही. माझ्या बॅचच्या दोघांनी घेतले, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहीत आहे: अनेक कंपन्या उमेदवाराची पूर्वीची नोकरी भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून पडताळून पाहतात, आणि तिथे तुमच्या नावावर एकाही महिन्याची वर्गणी नसेल, तर मिळालेली नोकरीही जाते आणि खोटी कागदपत्रे दिल्याचा ठपका तुमच्यावर बसतो, पत्र देणारा तोवर फोन उचलत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दाराला कुलूप होते आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप बंद झालेला होता. हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातच राहिले, कारण क्लास बंद पडला म्हणून कर्ज आपोआप रद्द होत नाही आणि हप्ता थकवला तर सिबिलवरची आपल्या कर्जफेडीची नोंद बिघडते. आईच्या डब्यांच्या पैशांतून ते हप्ते भरले गेले, हे लिहिताना मला जड जाते. मी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवले. तीस दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली, जिला शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. नोकरीच्या हमीसारखे खोटे दावे क्लासच्या जाहिरातींत करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढली आहेत, तीही मी जोडली आहेत.

शिकणे मी सोडले नाही. पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम विनामूल्य आहे आणि त्यातील बऱ्याच पाठांचा आवाज मराठीत आहे. २०१४ पासून चालू असलेल्या ‘फ्रीकोडकॅम्प’वर जावास्क्रिप्टचा अभ्यासक्रमही विनामूल्य आहे आणि त्यात कोड स्वतः लिहावा लागतो. मी आईच्या डब्यांचे मासिक बिल काढणारे एक छोटे पान लिहायला घेतले. साठ रुपयांचा डबा, महिन्याचे तीस दिवस आणि त्यातून खाडे वजा, इतका साधा हिशेब होता. एका गिऱ्हाइकाचे आधी तीन आणि नंतर दोन असे पाच खाडे झाले होते, पण पान उणे १२० रुपये बिल दाखवू लागले. चौकटीत भरलेले आकडे जावास्क्रिप्टला संख्या म्हणून नव्हे, तर अक्षरे म्हणून मिळतात आणि त्यांची बेरीज करताना ‘३’ व ‘२’ शेजारी ठेवून ती ‘३२’ करते, हे समजायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. बत्तीस खाड्यांचे १,९२० रुपये १,८०० मधून वजा होत होते. ते कोणीही येऊन दुरुस्त करून दिले नाही, म्हणून मी ते विसरणार नाही.

क्लासला जायचेच असेल, तर पैसे भरण्याआधी चालू बॅचमध्ये एक तास मागे बसू देण्याची मागणी करा आणि मुले कोऱ्या फाइलपासून लिहीत आहेत की पडद्यावरचे उतरवत आहेत, एवढेच पाहा. जुन्या विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टचा गिट इतिहास दाखवायला सांगा. महिनोन्‌महिने केलेल्या कामात लहान-लहान बदलांच्या कितीतरी नोंदी असतात, उचललेल्या कामात सगळे एकाच दिवशी येऊन पडलेले दिसते. आणि तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

आमच्या बॅचमधील आठ जणांनी आतापर्यंत तक्रार केली आहे. उरलेल्यांसाठी मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. पावती, कर्जाचा करार, समुपदेशक बाईंचे ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ असे लिहिलेले संदेश आणि ती झिप फाइल, यांतले काहीही फोन बदलताना पुसू नका. ज्यांची झिप हरवली असेल त्यांना माझ्याकडची मूळ प्रत मिळेल.