अ‍ॅडजस्टरने सुचवलेला कंत्राटदार : ह्यूस्टनजवळचा अनुभव

फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत टेक्सासमधील असंख्य घरांप्रमाणे शुगरलँडमधील आमच्याही माळ्यावरची पाण्याची नळी फुटली आणि स्वयंपाकघराचे छत खाली आले. दारावर आलेल्या एका कंत्राटदाराने ‘डिडक्टिबल आम्ही सोसू’, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा वाटा आम्ही उचलू, असे आमिष दाखवले. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून हा गुन्हा असल्यामुळे त्याला परत पाठवले. विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरने, म्हणजे नुकसान पाहून भरपाई ठरवणाऱ्या माणसाने, तीन कंत्राटदारांची नावे दिली आणि निवड सर्वस्वी तुमची, असेही सांगितले. तरीही त्याने सुचवलेला माणूस विमा कंपनीच्याच बाजूचा असणार, ही शंका होतीच.

त्या तिघांपैकी ज्यांना काम दिले, त्यांनी काहीही तोडण्याआधी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढली, मॉइश्चर मीटरने भिंतींतील ओलावा मोजून आकडे नकाशावर लिहिले आणि जेवढे ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे फलक) भिजले होते तेवढेच कापले. पंखे आणि हवेतील ओलावा शोषणारे डिह्युमिडिफायर यांचे भाडे दिवसावर आकारले जाते. अ‍ॅडजस्टर रोज घरी येऊ शकत नाही, त्यामुळे यंत्रे किती दिवस खरोखर लागली हे त्याला नोंदींवरूनच कळते. ही मंडळी रोज सकाळी त्याच जागांचा ओलावा मोजत, कोरड्या राहिलेल्या शयनगृहातील भिंतीशी ताडून पाहत, आणि पाचव्या दिवशी आकडे जुळताच यंत्रे स्वतःहून घेऊन गेली. खर्चाचा अंदाज त्यांनी विमा कंपनी वापरते त्याच एक्झॅक्टिमेट प्रणालीत दिला. पुढे ओट्याखालच्या कपाटामागे ओल सापडली, तेव्हा कपाट काढण्यापूर्वी अ‍ॅडजस्टरला छायाचित्रे पाठवून वाढीव कामाची मंजुरी घेतली. अ‍ॅडजस्टर तुमचे नाव का सुचवतात, असे मी मालकांना विचारले. आपण कोणालाही कमिशन देत नाही, आपली फाइल पाहिल्यावर अ‍ॅडजस्टरला पुन्हा फोन करावा लागत नाही, एवढेच ते म्हणाले. पाच दिवसांच्या नोंदी पाहिल्यावर मला ते पटले.

संपूर्ण छताच्या रंगाचे पैसे मिळावेत म्हणून तुम्हीच अ‍ॅडजस्टरशी बोला, असा आग्रह मी धरला, तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. कंत्राटदार स्वतःच्या कामाची व्याप्ती आणि दर यांविषयी बोलू शकतो, घरमालकाच्या वतीने क्लेमची घासाघीस करणे टेक्सासच्या कायद्यात त्याला मना आहे. त्या दिवशी राग आला, पण त्यांच्याच छायाचित्रांच्या आधारे मी स्वतः फोन केला आणि रक्कम मंजूर झाली.

दोन उणिवा सांगायला हव्यात. दुरुस्तीच्या कामाला फार उशीर झाला. नवी कपाटे जूनमध्ये बसली. दुसरी अधिक गंभीर आहे: पहिल्या दिवशी घाईत सही घेतलेल्या अर्जात विम्याचे पैसे थेट कंत्राटदाराला देण्याचे कलम होते आणि ते कोणी समजावले नाही. माझ्या पत्नीने रात्री कागद वाचून दुसऱ्या दिवशी विचारल्यावर त्यांनी ते विनातक्रार काढून टाकले. यांना काम द्यावे असेच मी सांगेन, मात्र त्या अर्जाचे दुसरे पान सही करण्याआधी वाचावे.